गळ्यामागची पट्टी

नात्सुमीबद्दल मी कुणाजवळ एक शब्दही बोललेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाई चहाडखोर दिसते. चहाडी मी करत नाही. इचलकरंजीला आमच्या गल्लीत चहाडखोर बायका ढिगानं होत्या आणि मला त्यांचा लहानपणापासून तिटकारा. मी जे केलं त्याला जीभ हलवावी लागली नाही.

मी सुवर्णा हावळ. वय पन्नास. तोक्योत येऊन अठरा वर्षं झाली. नवऱ्याबरोबर आले होते. तो कंपनीच्या मागोमाग पुण्याला परत गेला आणि तिथं दुसरा संसार थाटून बसला. मी आणि माझी लेक रेवा इथंच राहिलो. तिचं आडनाव बापाचं, देशिंगकर. मी माझं माहेरचं परत घेतलं. घर निशि-कासाईला, जिथं ज्वारीचं पीठही मिळतं आणि 'मूळच्या कुठल्या तुम्ही?' असं विचारणारी आपली माणसंही मिळतात. नोकरी हाराजुकूच्या मागच्या गल्लीत, कुरोदा-सान नावाच्या म्हाताऱ्याच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात. जपानी जिभेला 'ळ' झेपत नाही आणि 'व'चा कधी कधी 'ब' होतो, म्हणून दुकानात मी हावारु-सान, म्हणजे हावळबाई, आणि माझी लेक रेबा. दुकानात आली की रेवासुद्धा मला हावारु-सानच म्हणायची. कामाच्या जागी घरचं नातं आणू नये अशी इथली रीत, म्हणून मी त्याचं काही मनावर घेतलं नव्हतं.

हाराजुकूला रविवारी पोरं-पोरी नटून येतात. एकीचा घेरदार झगा, लेसचे थरावर थर, फ्रान्सच्या जुन्या दरबारात असत तसे, आणि डोक्यावर इंग्लंडातल्या तान्ह्या बाळाचं टोपडं. तिच्या शेजारची सव्वाशे वर्षांपूर्वीची जपानी शाळकरी मुलगी, म्हणजे किमोनोवर घागऱ्यासारखा चुण्यांचा हाकामा, पायात चामडी बूट, केसात हातभर रिबन. तिसरा पोरगा भरतकामाचा लांब डगला घालून, जो आधी मजुरांचा होता, मग मोटारसायकलवाल्या टोळ्यांचा झाला. चौथी निळ्या चिंध्या पांघरून. त्या चिंध्यांना बोरो म्हणतात. उत्तरेच्या थंडीत कापूस पिकत नसे, तेव्हा गरीब माणसं तुकड्यावर तुकडा शिवून तीन-तीन पिढ्या एकच पांघरूण वापरत. आता ते काचेच्या कपाटात ठेवतात. आपल्याकडं त्यालाच गोधडी म्हणतात आणि पाहुणे आले की पलंगाखाली सारतात.

सुरुवातीला मला हसू यायचं. मग कळलं, ह्या पोरांना इतिहास नको असतो, इतिहासाचे कपडे तेवढे हवे असतात. त्यात एक बरं होतं. कुणी काहीही घालावं. राणीचा झगा घालायला राणीची नात असावं लागत नव्हतं. म्हणून तर माझी सावळी, कुरळ्या केसांची रेवा त्यांच्यात खपून गेली. ती आणि नात्सुमी ओकादा, दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, जुळ्यांसारखं नटायच्या. एकाच जुन्या किमोनोच्या कापडातून मी दोघींना दोन झगे बेतून दिले होते. बाह्या किमोनोच्या, खाली घेर विलायती. नात्सुमी घरी आली की मला मराठीत 'काकू' म्हणायची. पिठलं-भाकरी खायची, तिखटानं नाक पुसायची आणि परत वाढून मागायची.

मग ते यंत्र आलं.

कापसाच्या तंतूला मधोमध बारीक पोकळ नळी असते. माणसाला घाम आला की तंतू फुगतो, वाळला की आक्रसतो. फुगताना जे आत शिरतं ते आक्रसताना आत अडकतं. धुवा, आपटा, उन्हात घाला, वरचा मळ जातो, आतला जात नाही. घामातली प्रथिनं, कातडीचे कण, हवेतली धूळ, सगळं थरावर थर. रेशमाला नळी नसते, पण तेही पाणी पितं आणि थोडंफार धरून ठेवतंच. तंतुवाचक यंत्र सुईएवढा धागा घेतं, त्याला वाफेवर हळूहळू उघडतं आणि आतला एकेक थर बाहेर ओढून कणाकणाचं वजन करतं. प्रथिनांवरून कळतं की घालणारी बाई होती का पुरुष, वय काय, काय खात होती, कशानं आजारी होती. धुळीवरून कळतं की ती कुठं राहायची आणि काय काम करायची. निळीची पूड असेल तर रंगारी, कोळशाची असेल तर भट्टीवाली. शेवटी गिऱ्हाइकाची थुंकी घेऊन ताडून बघायची, म्हणजे ती बाई त्याची रक्ताची कोण लागत होती तेही निघतं.

हे केलं होतं संग्रहालयांसाठी. पण यंत्र कपाटाएवढं होतं ते पाच वर्षांत शिलाई मशीनएवढं झालं आणि कुरोदा-साननी हप्त्यानं एक घेतलं. माझा हात सुईवर बसलेला, म्हणून चालवायला मला दिलं. त्यांनी नियम एकच सांगितला. कापड जे बोलेल ते ज्याचं त्यालाच सांगायचं, चार भिंतींत, एकट्याला.

आणि पोरांना नवीन वेड लागलं. त्याला 'युकारी' म्हणायचे, म्हणजे लागाबांधा. पणजीची बाही, खापरपणजोबांचा कमरपट्टा, घरात जे सापडेल ते घेऊन यायचे. मी वाचून द्यायची आणि रेशमी पट्टीवर चार ओळी भरून त्यांच्या पोशाखात गळ्यामागं शिवायची. कोण, कुठली, काय करत होती. मग त्या माणसाच्या काळाला आणि दर्जाला शोभेल असाच पोशाख. सामुराईच्या घरची असेल तर काळा, कुळाचं चिन्ह लावलेला. व्यापाऱ्याची असेल तर बाहेरून तपकिरी-करडा आणि आत अस्तरावर रंगीत चित्रं. एदोच्या काळात, दोनशे-तीनशे वर्षांमागं, व्यापाऱ्यांना भारी रेशीम आणि भडक रंग घालायला सरकारची बंदी होती, म्हणून ते सगळी हौस अस्तरावर करत. ज्या कायद्यानं पूर्वजांचा जीव नकोसा केला, तो पोरांनी हौसेनं स्वतःला परत लावून घेतला. शेतकऱ्याच्या नातवाला बोरो मिळायचं आणि त्याचाही त्याला अभिमान. वर्षभर गंमत चालली. मग एकमेकींच्या गळ्यामागं डोकावणं सुरू झालं. कोण कुणाशेजारी उभं राहणार ते पट्टी ठरवू लागली.

रेवाच्या गटाची पुढारी शिओरी नावाची मुलगी होती. चोवीस वर्षांची, हळू बोलणारी, कधीही आवाज न चढवणारी. पट्टी सामुराईची, आणि ती खरी होती, मीच वाचली होती. जूनमध्ये तिनं सगळ्यांना गोडीत कळवलं की नोव्हेंबरच्या मेळाव्याला मासिकवाले फोटो काढायला येणार आहेत, तेव्हापासून गटात फक्त पट्टीवाल्यांनी यावं. रेवाची पणजी जपानात नव्हती. रेवाला पट्टी कुठून येणार?

जुलैत नात्सुमी दुकानात आली. एकटी. पिशवीत पणजीचा कापूस भरलेला जाड अंगरखा होता. कुरोदा-सान बाहेर बसले आणि आम्ही दोघी आत.

"काकू, आई द्यायलाच तयार नव्हती," ती हसत म्हणाली. "माळ्यावरून चोरून आणलाय. सामुराई निघाली तर शिओरी मला फोटोत मधली खुर्ची देईल."

मी धागा काढला, वाफेवर ठेवला. पडद्यावर एकेक नाव उमटायला लागलं. मीठ, फार मीठ. मोहरीच्या जातीचं तेल. नदीचा गाळ. आणि बैलाच्या कातड्याचे कण. वरच्या थरात, खालच्या थरात, सगळीकडं. साठ वर्षांच्या आयुष्यात ह्या बाईनं दुसरं काम केलेलं नव्हतं.

ह्या देशात कातडी कमावणाऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या असत. त्यांच्या हातचं पाणी कुणी पीत नसे, त्यांनी काय घालावं तेही वरचे ठरवत. कायद्यानं ते सगळं पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुसलं. माणसांनी पुसलं नाही. त्या वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या चोरून विकल्या जायच्या, लग्न जमवताना आणि नोकरी देताना लोक त्या बघायचे. दुकानातल्या जपानी पोरांना हे धड माहीतही नव्हतं. मला पडदा बघताक्षणी कळलं. मी कोल्हापूरकडची आहे, हे कळायला मला यंत्रही लागलं नसतं.

जात-बीत आम्ही मानत नाही. माझ्या वर्गात सगळ्या जातींच्या मैत्रिणी होत्या. पण त्या दिवशी तो अंगरखा बाजूला ठेवल्यावर मी हात धुतले. यंत्राला हात लावल्यावर धुवायचेच असतात, तसा नियम आहे. मी दोनदा धुतले.

"काय करायची ती?" नात्सुमीनं विचारलं.

"कातडं कमवायची," मी म्हटलं.

तिला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. पोरगी त्या अंगरख्याच्या बाहीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणून आजोबा गाव सोडून आले. म्हणून आई कुणाला गावाचं नाव सांगत नाही." आणि मग, "काकू, ताईचं लग्न ठरलंय जानेवारीत. तुम्ही पट्टीवर दुसरं काही लिहाल?"

मी लिहिलं. नीळ रंगवणारी, नदीकाठची. बरं अक्षर काढून भरलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि इतकी खाली वाकली की मला अवघडल्यासारखं झालं. मला तेव्हा स्वतःचं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू.

सप्टेंबरात रेवा शिओरीकडं गेली. मला येऊ द्या, मी गटात चार वर्षं आहे, एवढंच विचारायला. घरी आली ती दारातच झगा उतरवायला लागली. झगा गोळा करून तिनं जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबला, वर भाजीचे देठ टाकले.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"म्हणाली, जरा अवघड आहे." जपानीत 'जरा अवघड आहे' म्हणजे मेलं तरी नाही. "आणि म्हणाली, रेबा-सान, फोटो तुम्हीच काढा ना आमचे, तुमची नजर चांगली आहे."

"आणि नात्सुमी? ती होती तिथं?"

"होती. बुटांकडं बघत बसली होती."

रेवा रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. ती भिंतीला टेकून म्हणाली, "माझं ह्या शहरात दुसरं कुणी नाही, आई. कॉलेजात मला कुणी नावानंसुद्धा हाक मारत नाही. रविवार आहे म्हणून मी आठवडाभर उठते. तू काहीतरी कर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शिओरीचा राग आला असता तर ठीक होतं. पण मला राग आला तो नात्सुमीचा. माझ्या घरी जेवलेली, माझ्या हातच्या खोट्या पट्टीवर मिरवणारी, आणि माझ्या पोरीला हाकलताना बुटांकडं बघत बसली. कुणाची कोण, आणि आत बसली. माझी पोर बाहेर. 'कुणाची कोण' हे शब्द माझ्या डोक्यात जसे आले तसेच सांगतेय.

ऑक्टोबरात एका दुपारी शिओरी दुकानात आली. हातात आठ पोशाख, प्रत्येक खोळीत घातलेला. मी रेवाची आई हे तिला ठाऊक नव्हतं. माझ्याशी ती गिऱ्हाईक दुकानातल्या बाईशी बोलतं तसं, पण अदबीनं बोलायची.

"हावारु-सान, मासिकवाल्यांसमोर काही चूक नको. पट्ट्या एकदा डोळ्यांखालून घालाल का?"

कुरोदा-साननी चहा आणून ठेवला. मी पहिला पोशाख उघडला, पट्टी वाचली. "बरोबर." दुसरा. "बरोबर." तिसरा, चौथा. पाचवा नात्सुमीचा होता. नीळ रंगवणारी, नदीकाठची.

इथं नकार तोंडानं देत नाहीत. माणूस दातांतून श्वास ओढतो आणि गप्प बसतो, आणि समोरच्यानं समजून घ्यायचं असतं. अठरा वर्षांत मी अशा गप्प बसण्यात घरं हातची जाताना पाहिली होती, शाळेतले प्रवेश, नोकऱ्या. पहिल्या वर्षी मला ते कळायचं नाही आणि मी वेड्यासारखी उत्तराची वाट बघायची. आता एखाद्या जपान्याएवढंच कळत होतं.

मी पट्टी वाचली आणि चहाचा पेला उचलला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. दातांतून थोडा श्वास आत ओढला. मग पेला खाली ठेवून पोशाखाची खोळ नीट लावली आणि सहावा घेतला. "बरोबर."

शिओरीनं माझ्याकडं पाहिलंच नाही. पाचव्या खोळीकडं पाहत म्हणाली, "असं होय." उरलेले दोन मी पाहीपर्यंत ती शांत बसली होती. तिला पुढचं सांगायची गरज नव्हती. शेतकऱ्याची पणजी कुणी लपवत नाही, उलट तिच्या चिंध्या मिरवतात. लपवण्यासारखं ह्या देशात एकच असतं.

ती गेल्यावर कुरोदा-साननी पेले उचलले. माझ्या पेल्यात चहा अर्धा होता, तोही त्यांनी उचलला. दुसऱ्या दिवसापासून ते फक्त स्वतःपुरता चहा करू लागले.

मेळाव्याच्या आधी एक रंगीत तालीम होती, स्टेशनजवळच्या पुलावर, रविवारी अकराला. साडेअकराला नात्सुमी दुकानात आली. पूर्ण नटलेली. मी बेतलेला तोच झगा, किमोनोच्या बाह्या, पांढरे मोजे. धावत आल्यामुळे धाप लागली होती.

"काकू, जागा बदलली का? पुलावर कुणीच नाही. फोनही उचलत नाहीत."

मला जागा ठाऊक होती. शिओरी आदल्या दिवशी पट्ट्यांचे पैसे द्यायला आली तेव्हा 'उद्या बागेतल्या तळ्याकाठी जमतोय' असं म्हणाली होती.

"मला काय माहीत, बाळ," मी म्हटलं.

ती बाकावर बसली. फोन मांडीवर ठेवला. मी एक शर्ट इस्त्री करत होते, तो परत परत करत राहिले. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मग तिनं मान वळवून गळ्यामागची पट्टी चाचपली.

"तुम्ही सांगितलंत?"

"मी एक शब्दही बोलले नाही." आणि हे खरं होतं, आई-बापाची शपथ.

तिनं मान हलवली. तिला कळलं. तीही इथलीच पोर, तिला गप्प बसण्याचं कळणार नाही तर कुणाला.

"रेबासाठी मी शिओरीला तीनदा विचारलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर विचारलं असतं तर तिला नाहीच म्हणावं लागलं असतं, म्हणून एकांतात विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाली होती, मेळाव्याला येऊ दे पाहुणी म्हणून. मी आज रेबाला सांगणार होते." मग तिनं पट्टी उसवून द्यायला सांगितली. मी कात्री घेतली. टाके निघता निघत नव्हते, कारण मी ते फार पक्के घातले होते. पट्टी निघाल्यावर तिनं ती माझ्यासमोर ठेवली आणि वाकून म्हणाली, "इतके दिवस सांभाळलंत, आभारी आहे." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

डिसेंबरच्या आत तिच्या बहिणीचं लग्न 'पुढे ढकललं' गेलं. तारीख पुढं कधी लागलीच नाही. त्यांच्या दाराच्या पत्रपेटीत कुणी तरी रोज कुत्र्याचा चामडी पट्टा टाकत होतं. चौथ्या पट्ट्यानंतर त्यांनी घर सोडलं. हे सगळं मला नंतर कळलं, पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच गटात नात्सुमीची जागा रिकामी झाली होती आणि फोटोची मांडणी आठ जणींची ठरलेली होती. शिओरीनं रेवाला निरोप पाठवला. पूर्वी हिंदुस्थानातून छापील सुती कापडं जहाजानं इथं येत, त्यांना सारासा म्हणत आणि सामुराईसुद्धा त्याचे तुकडे जिवापाड जपत. त्या नात्यानं रेबा-सानला घेता येईल. फक्त पट्टी तेवढी हवी.

मला तेव्हा वाटलं, चला, सुटलो. नात्सुमीचं वाईट वाटत होतं, रोज वाटत होतं, पण माझी पोर आत गेली होती.

रेवा दुकानात आली ती पिशवीत माझ्या आईचं लुगडं घेऊन. माझ्या ट्रंकेतून काढलेलं, न विचारता. कुरोदा-सान जेवायला गेले होते.

"वाच," ती म्हणाली.

मी लहानपणापासून रेवाला सांगत आले होते की आमचे स्वतःचे माग होते, आठ माग, दारात माणसं कामाला. तिच्या बापालाही तेच सांगून लग्न केलं. मी धागा लावला, कारण आता नाही म्हणणं शक्य नव्हतं. कापसाची धूळ निघाली. खळ निघाली. मशीनचं तेल. आणि प्रथिनं अशी की यंत्रानं आपणहून शेजारी नोंद केली, दीर्घकाळ अर्धपोटी. माझी आई दुसऱ्याच्या कारखान्यात बारा तास उभी राहून सुताच्या कांड्या भरायची. रात्री खोकायची. आमचा माग एकही नव्हता.

रेवानं पडदा वाचला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"हे नको," ती म्हणाली. "बाबांच्या बाजूचं लिही. देशिंगकर, सरदार घराणं, सारासा कापडाचा व्यापार. कुरोदा-सानच्या कपाटात सारासाचा एक तुकडा आहे, तो गळ्याला लाव."

"रेवा, ती तुझी आजी आहे."

"आणि ती नात्सुमीची पणजी नव्हती?"

ती मराठीत बोलत होती, अगदी माझ्या आवाजात, माझ्याच हेलात.

"तू काय केलंस ते मला माहितीये, आई. दुसरं कुणाला ठाऊकच नव्हतं, म्हणजे तूच. मी तुला काही म्हटलं का? मीच म्हटलं होतं, काहीतरी कर. ते झालं. आता एवढं कर."

"ती तुझ्यासाठी तीनदा बोलली होती," मी म्हटलं. "मला तिनंच सांगितलं."

"मलाही सांगितलं होतं तिनं. त्याच रात्री फोन केला होता." रेवानं लुगड्याची घडी घातली, चांगली घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "आता ते उकरून ती काय परत येणारे? आणि अजून एक. शिओरीनं विचारलं, आईकडचं काय. मी सांगितलं, आई लहानपणीच वारली. आईकडचं काही ताडून बघायला नको म्हणून. तुझ्या यंत्रानंच ही वेळ आणलीये, माझ्यावर चिडू नकोस."

चिडले असते तर बरं झालं असतं. मी रात्रीपर्यंतही थांबले नाही, त्याच दुपारी, कुरोदा-सान यायच्या आत पट्टी भरायला घेतली. देशिंगकर, सरदार, सारासा. हे भरताना मला आईचा खोकला ऐकू येत होता, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण येत होता. मी मात्र टाका चुकवला नाही. पोरीचं आयुष्य होतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी दहाला सगळ्या दुकानात जमल्या, शेवटच्या टाचण्या लावायला. आठ जणी. रेवा मधोमध, गळ्याला लाल सारासा, केस वर बांधलेले, आणि इतकी सुंदर दिसत होती की मला क्षणभर बाकी सगळं विसरायला झालं. पोरी तिच्या गळ्यामागं वाकून पट्टी वाचत होत्या आणि हळू आवाजात वाहवा करत होत्या. कित्येक महिन्यांनी रेवा हसली, अगदी मोकळं.

शिओरी माझ्याकडं वळली. "हावारु-सान, रेबा-सान म्हणत होत्या, तुम्ही त्यांच्या घरच्यांना ओळखत होतात. त्यांच्या आईला पाहिलं होतं का?"

रेवानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. डोळे माझ्या आईसारखे आहेत तिचे.

"पाहिलं होतं," मी म्हटलं.

"कशा होत्या?"

"चांगल्या घरातल्या होत्या. फार लवकर गेल्या."

शिओरीनं डोळे मिटून मान लववली, मेलेल्या माणसासाठी लववतात तशी. बाकीच्या सहा जणींनीही लववली. रेवानंही लववली. मग सगळ्या निघाल्या. दारात रेवाच्या बुटाची नाडी सुटली होती आणि झग्याच्या घेरामुळे तिला वाकता येत नव्हतं. मी तिच्या पायाशी बसून ती बांधली, दोन गाठी मारल्या. ती वरून 'आरिगातो गोझाइमासु' म्हणाली, दुकानातल्या बाईचे आभार मानतात तेवढ्याच अदबीनं, आणि पोरींबरोबर ऊन पडलेल्या गल्लीत चालू लागली.